आगरी आणि मराठी : नाते मायलेकीचे की बहिणीचे?

'आगरी म्हणजे अशुद्ध मराठी' हे वाक्य पनवेल-उरण भागात राहणाऱ्या प्रत्येकाने केव्हा ना केव्हा ऐकलेले असते. ते म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट हेतू नसतो. त्याला एवढेच म्हणायचे असते की, मूळ एक चांगली मराठी होती, ती पुण्याकडच्या लोकांनी नीट सांभाळली आणि खाडीकाठच्या मिठागरात व भातखाचरात राबणाऱ्या लोकांनी तिची मोडतोड केली. मौज अशी की, आगरी माणूसही हे मान्य करून बसलेला असतो. घरी पाहुणे आले की आई आपली बोली आवरते आणि चारचौघांत तोंड उघडायचे नाही असा निश्चय करून कोपऱ्यात बसते. प्रस्तुत लेखात या समजुतीची थोडी तपासणी करण्याचा विचार आहे. भाषाविज्ञान हा आमचा अभ्यासविषय असला तरी मी द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी आहे. तेव्हा मोठमोठे सिद्धान्त मांडण्यापेक्षा घरात कानावर पडणारे शब्द घेऊनच सुरुवात करते.

आगरीत 'पाणी' या शब्दाला 'पानी' म्हणतात. कोण-कोन, लोणी-लोनी, बाळ-बाल, डोळा-डोला, काळा-काला अशा कितीतरी जोड्या देता येतील. म्हणजे आगरीत ण नाही आणि ळ नाही. त्यांच्या जागी न आणि ल आहेत. मोडतोडीचा आरोप प्रथम येथेच होतो. आता जरा मूळ शब्द पाहू. संस्कृतात शब्द आहे पानीय. प्राकृतात त्याचे पाणीअ झाले आणि त्यातून मराठीचे पाणी आले. संस्कृतातील फल मराठीत फळ झाले, बालचे बाळ झाले, कालचे काळ झाले. म्हणजे मूळ शब्दाशी इमान राखणे हीच शुद्धतेची कसोटी धरली तर 'पाणी' आणि 'फळ' म्हणणारेच मोडतोड करणारे ठरतात, आणि 'पानी' व 'फल' म्हणणारी माझी आजी संस्कृतच्या अधिक जवळ जाऊन बसते! अर्थात आजीने ते संस्कृतमधून राखून ठेवले आहे असे मात्र नव्हे. प्राकृतातला ण आमच्या किनाऱ्यावर पुन्हा न झाला, एवढेच. पण यातून दिसते ते असे की, शब्द बदलतात. पुण्यातही बदलले आणि पनवेलच्या खाडीवरही बदलले. एकाच्या बदलाला 'विकास' आणि दुसऱ्याच्या बदलाला 'अपभ्रंश' म्हणायचे कारण शब्दांत सापडत नाही. ते दुसरीकडे शोधावे लागते.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. आगरीत घोडा या प्राण्याला 'घोरा' म्हणतात. गाडीला 'गारी', झाडाला 'झार', लुगड्याला 'लुगरा', थोड्याला 'थोरा', इकडे-तिकडेला 'इकरं-तिकरं'. येथे ड या अक्षराचा र झालेला आहे. यावर कोणी म्हणेल की यांना ड उच्चारता येत नाही. परंतु हेच लोक डोंगर हा शब्द डोंगर असाच उच्चारतात. डोळ्याचा 'डोला' होतो, 'रोला' होत नाही. तोंड हे तोंडच राहते आणि हंडा हंडाच राहतो. म्हणजे शब्दाच्या आरंभी ड असेल तर तो टिकतो, अनुनासिकामागून आला तरी टिकतो, आणि स्वराच्या मागून आला की त्याचा र होतो. हा नियम कुठल्याही शाळेत शिकवलेला नाही. तरीही अंगणात खेळणारे चार वर्षांचे पोर तो मोडत नाही. चूक करणारा माणूस कुठेही चुकतो, कसाही चुकतो. जो सर्व ठिकाणी सारखाच 'चुकतो' त्याला चूक म्हणता येत नाही. तो नियमाने बोलत असतो. शिवाय प्रमाण मराठीतला 'घोडा' तरी कुठून आला? संस्कृतातील घोटकमधून. ट या अक्षराचा ड झाला तेव्हा कोणी तक्रार केली नाही. आम्ही त्याच वाटेवर आणखी एक पाऊल पुढे टाकले.

विचारला 'इचार', विंचवाला 'इंचू', वेळेला 'येल' म्हणणे हे काही आगरीचेच वैशिष्ट्य नाही. देशावरच्या खेड्यांतही ते ऐकू येते. म्हणून त्याचा विस्तार करीत नाही. पण व्याकरणातल्या दोनतीन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. प्रमाण मराठीत 'घरात', 'शेतात', 'गावात' म्हणतो तेथे आगरीत 'घरान', 'शेतान', 'गावान' होते. परक्या माणसाला वाटते की ही तृतीया आहे, 'घरानं' असे काहीतरी म्हणायचे आहे. पण ती शुद्ध सप्तमी आहे. 'मला' याला आम्ही 'मना' म्हणतो. गुजराती माणूस 'मने' म्हणतो हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना किनाऱ्यावरून वर सरकत जाणाऱ्या या रूपांची गंमत कळेल. नपुंसकलिंगी अंत्य अनुस्वाराच्या जागी सरळ आ येतो. 'काम केलं' म्हणायचे तेथे 'काम केला'. आणि केळ्यालाही 'केला'च म्हणतात, त्यामुळे कधी कधी बाहेरच्या माणसाची चांगलीच तारांबळ उडते. काही गावांत 'गेला' याऐवजी 'जेला' म्हणतात. यालाही हसतात. पण ए या स्वरापुढे ग चा ज होणे ही जगातल्या कितीतरी भाषांत घडलेली गोष्ट आहे. इटालियन भाषेत तर ती लिपीच्या नियमातच बसली आहे. तेथे ग हे अक्षर ए आणि इ यांच्यापूर्वी ज असेच वाचले जाते. इटालियन माणसाला त्याबद्दल कोणी अडाणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

मग प्रमाण मराठी प्रमाण कशी झाली? याचे उत्तर इतिहासात आहे. पेशवाईत पुणे हे सत्तेचे ठिकाण होते. इंग्रजी अंमल आल्यावर शाळा निघाल्या, शाळांना पुस्तके लागली, पुस्तकांना एक ठरीव भाषा लागली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली आले, मेजर कँडी यांच्या हातून शालेय पुस्तकांची भाषा तासून निघाली. या कामात लेखणी ज्यांच्या हाती होती ते शिकलेले, बहुतांशी पुण्या-मुंबईचे पंडित होते. त्यांनी आपल्या घरातील वळण प्रमाण धरले. यात कुणाचे कपट होते असे मी म्हणत नाही. मिठागरात खपणारा माणूस त्या खोलीत नव्हता, इतकेच.

आणि हे शुद्धपण तरी स्थिर कोठे आहे? जुनी पुस्तके उघडली तर 'नांव', 'घरांत', 'कांहीं' असे अनुस्वारांनी भरलेले लेखन दिसते. त्या काळी परीक्षेत अनुस्वार गाळला तर गुण जात. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम शासनाने स्वीकारले, १९७२ साली त्यांत भर पडली, आणि उच्चारात नसलेले ते अनुस्वार गेले. आज 'घरांत' लिहिले तर गुण जातात. एका ठरावाने काल शुद्ध असलेले आज अशुद्ध होते. ठराव करणे आवश्यकही असते, कारण सर्वांनी सारखे लिहावे लागते. पण ठरावाला निसर्गाचा नियम समजू नये.

येथे एका दगडाची आठवण करून देणे योग्य होईल. आमच्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळ अक्षी या गावी एक शिलालेख आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा वाचला, आणि मराठीतील आद्य शिलालेख म्हणून त्याचे नाव घेतले जाते. श्रवणबेळगोळचे अभिमानी याबाबत वाद घालतील; घालोत. मुद्दा असा की, मराठीचा इतका जुना पुरावा देशावरच्या कुठल्या राजधानीत नव्हे तर आगरी-कोळ्यांच्या किनाऱ्यावर, नारळी-पोफळीत उभा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा सगळीकडे आनंद झाला, आमच्याही महाविद्यालयात झाला. भाषेचे वय सांगताना ज्या किनाऱ्यावरच्या दगडाकडे बोट दाखवायचे त्याच किनाऱ्यावरच्या माणसाच्या बोलण्याला मात्र हसायचे, हा व्यवहार काही सरळ नाही.

सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या 'लिंग्विस्टिक सर्व्हे'चा सातवा खंड मराठीवर आहे. तो १९०५ साली प्रसिद्ध झाला आणि त्याचे बरेचसे काम स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडिताने केले. त्या पाहणीत गावोगावच्या बोलींचे नमुने गोळा करताना सर्वांना एकच गोष्ट सांगायला लावली होती, बायबलातील उधळ्या पुत्राची. एकच गोष्ट शेकडो बोलींत! त्यामुळे शब्दाशी शब्द ताडून पाहता येतो. कुलाबा जिल्ह्यातील आगरीची नोंद त्यात आहे. ती मराठीच्या कोकणातील बोलींत धरलेली आहे. म्हणजे भाषाशास्त्रज्ञाच्या लेखी ती एक बोली आहे, बिघाड नव्हे.

आता वाचकांना मी जरा लांब, थेट आफ्रिकेत नेणार आहे. कारण 'भाषा' कोणती आणि 'बोली' कोणती हे कसे ठरते, याचे जितके स्वच्छ उदाहरण तेथे मिळते तितके मला अन्यत्र मिळाले नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे झुलू लोक राहतात. त्यांची भाषा झुलू. ती बोलणारे एक कोटीहून अधिक आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे शाका नावाचा पराक्रमी राजा होऊन गेला. त्याचा एक सरदार होता म्झिलिकाझी, खुमालो कुळातला. १८२० नंतरच्या दोनतीन वर्षांत त्याचे शाकाशी बिनसले आणि तो आपली माणसे घेऊन डोंगर ओलांडून निघाला. वाटेत सोथो आणि त्स्वाना भाषा बोलणाऱ्या टोळ्यांतील माणसे त्याच्यात सामील झाली, काही खुशीने, पुष्कळशी जुलमाने. १८३७ साली बोअर वसाहतवाल्यांशी झालेल्या लढाईत त्याला मार बसला, तेव्हा तो लिम्पोपो नदी ओलांडून उत्तरेस गेला आणि १८४० च्या सुमारास आजच्या झिंबाब्वेतील बुलावायो भागात त्याने राज्य वसवले. तेथे आधीपासून शोना आणि कलांगा बोलणारे लोक होते. तेही त्या राज्यात आले. या सर्वांना मिळून म्हणतात न्देबेले. हे नावही त्यांनी स्वतः घेतलेले नव्हे. सोथो-त्स्वाना लोक अशा परक्या टोळ्यांना ज्या नावाने ओळखत त्यातून ते आले. दुसऱ्यांनी ठेवलेले नाव पुढे आपलेच होऊन बसते, हा अनुभव आपल्याकडेही नवा नाही.

न्देबेले राज्यात माणसांचे तीन थर होते. झान्सी म्हणजे मूळ झुलू मुलखातून आलेले, एन्हला म्हणजे वाटेत मिळालेले, आणि होले म्हणजे तेथलेच जिंकलेले. भाषा मात्र सर्वांनी वरच्या थराची उचलली. तेव्हा आज न्देबेले बोलणाऱ्यांपैकी पुष्कळांचे पूर्वज मुळात झुलूशी संबंध नसलेले होते. त्यांनी आपापल्या घरातील शब्द बरोबर आणले आणि भाषेचा रंग पालटत गेला. तरीही झुलू माणूस आणि न्देबेले माणूस एकमेकांशी बोलू शकतात. 'मी आभारी आहे' याला दोघेही 'न्गियाबोंगा' म्हणतात. पाचदहा माणसांना नमस्कार करताना झुलू म्हणतो 'सानिबोनानी' आणि न्देबेले म्हणतो 'सालिबोनानी'. फरक एका न आणि ल चा! आपल्या 'बाळ' आणि 'बाल' यांत याहून जास्त अंतर आहे असे कोणी म्हणू शकेल काय? दोन्ही भाषांत तोंडातल्या तोंडात टचकारून काढायचे ध्वनी आहेत. आपण हळहळ व्यक्त करताना जिभेने 'च् च्' करतो ना, तसला ध्वनी तेथे चक्क व्यंजन म्हणून शब्दात वापरतात.

इतके सारखेपण असताना न्देबेले ही झुलूची बोली का मानली जात नाही? आरंभी बरीच वर्षे तिला तसेच वागवले गेले. तेथील मिशनरी शाळांतून झुलू पुस्तकेच चालत. न्देबेले मुलाने घरी एक बोलावे आणि पुस्तकात दुसरे वाचावे, अशी स्थिती होती. नंतर हळूहळू पुस्तके झाली. १९५६ साली न्दाबानिंगी सिथोले यांची म्झिलिकाझीच्या काळावरील कादंबरी न्देबेलेत निघाली, १९६६ साली पेलिंग यांचा कोश आला. १९८० साली झिंबाब्वे स्वतंत्र झाला. २०१३ च्या राज्यघटनेत अधिकृत मान्यता असलेल्या १६ भाषा दिल्या आहेत, त्यांत न्देबेलेचे नाव आहे. मधल्या काळात 'सालिबोनानी' बदलून काही वेगळे झाले नव्हते. भाषेत नव्हे तर भाषेभोवती बदल झाला. सरहद्द आली, पुस्तक आले, शाळा आली, कायदा आला.

गंमत पुढेच आहे. दक्षिण आफ्रिकेतही न्देबेले नावाची एक भाषा आहे, आणि त्या देशाच्या १९९६ च्या राज्यघटनेने मान्य केलेल्या अकरा भाषांत तिचा समावेश झाला. भिंतींवर भडक रंगांच्या चौकटी काढणारी घरे चित्रांत पाहिली असतील, ती याच लोकांची. पण हे न्देबेले म्झिलिकाझीबरोबर गेलेले नव्हेत. शाकाच्या पुष्कळ आधी ते किनारा सोडून प्रिटोरियाच्या बाजूला येऊन राहिले होते, आणि सोथो शेजाऱ्यांमुळे त्यांची भाषा झुलूपासून अधिक दूर गेली आहे. म्हणजे नाव एक, भाषा दोन. आणि झुलू व झिंबाब्वेची न्देबेले पाहिली तर नावे दोन, भाषा जवळजवळ एक. नावावरून भाषेचा हिशेब लागत नाही.

हेच आता आपल्याकडे लावून पाहा. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे १६७५ च्या सुमारास तंजावरचे राजे झाले. त्यांच्याबरोबर आणि मागाहून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तमिळ मुलखात घरी मराठी बोलतात. साडेतीनशे वर्षे तमिळच्या शेजारात राहिल्याने ती बोली इतकी पालटली आहे की, आपल्याला ती ऐकताना कान टवकारावे लागतात. तरी ते तिला मराठीच म्हणतात आणि आपणही म्हणतो. न्देबेलेला वेगळे होऊन अजून दोनशे वर्षेच होत आहेत, पण ती स्वतंत्र भाषा. कोकणीचे पाहा. ग्रिअर्सनने ती मराठीच्या बोलींत धरली होती. ती स्वतंत्र भाषा आहे असे आग्रहाने मांडणाऱ्यांत डॉ. सु. मं. कत्रे यांच्यासारखे विद्वान होते. १९७५ साली साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. उलट आमच्या खानदेशी मैत्रिणींची अहिराणी पाहा. ग्रिअर्सनने तिला मराठीच्या खंडात न घेता भिल्ली भाषांच्या खंडात घातले, जनगणनेतही खानदेशी स्वतंत्र मोजली जाते, पण धुळे-जळगावच्या माणसाला विचारले तर तो स्वतःला मराठीच म्हणवतो. शास्त्र एक म्हणते, सरकार एक म्हणते, माणूस एक म्हणतो.

यावर कोणी विचारील, मग तुम्हाला आगरीची वेगळी भाषा करायची आहे काय? माझे स्पष्ट उत्तर 'नाही' असे आहे. न्देबेलेचे उदाहरण मी वेगळे राज्य मागण्यासाठी दिलेले नाही. आगरी माणसाने आपले मोठे लढे मराठीतच लढले आहेत. १९३३ ते १९३९ असा जो चरीच्या शेतकऱ्यांचा संप चालला त्याचे पुढारी नारायण नागू पाटील यांनी १९३७ साली 'कृषीवल' हे पत्र काढले ते मराठीत. खोतांविरुद्धचे गाऱ्हाणे साऱ्या महाराष्ट्राला ऐकवायचे होते, आणि त्यासाठी सर्वांना समजणारी भाषा हवी होती. ती सोय सोडून देणे शहाणपणाचे नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. प्रमाण मराठी लिहिता येते म्हणूनच हा लेख मी लिहू शकते, हे मी विसरत नाही. माझे म्हणणे नात्याबद्दल आहे. प्रमाण मराठी ही आई आणि आगरी तिची वाया गेलेली लेक, असे जे नाते लावले जाते ते खोटे आहे. दोघी एकाच आईच्या मुली आहेत. ती आई म्हणजे जुनी मराठी, आणि ती आता हयात नाही. एक मुलगी शिकली, कचेरीत लागली. दुसरी शेतावर राहिली. एवढ्यावरून धाकटी ही थोरलीची बिघडलेली नक्कल ठरत नाही.

हा नुसता तात्त्विक वाद असता तर मी तो लिहिण्याच्या भरीस पडले नसते. शाळेत पहिलीदुसरीत असताना मुलाने 'मना पानी द्या' म्हटले की वर्ग हसतो. मी ज्या शाळेत होते तेथेही हसत. त्याचा परिणाम असा होतो की, मूल चूक सुधारत नाही, गप्प बसू लागते. माझ्याबरोबर पहिलीत बसलेल्या गावातल्या मुलींपैकी कितीजणी गप्प बसता बसता शाळेतूनच उठल्या ते मी पाहिले आहे. त्यांना 'घरी पानी, पुस्तकात पाणी. दोन्ही बरोबर, जागा वेगळ्या' एवढे एक वाक्य कोणी सांगितले असते तर काय झाले असते? ड आणि र यांचा वर दिलेला नियम पाचवीतल्या मुलाला दहा मिनिटांत समजेल, आणि तो समजला की त्याला प्रमाण रूपही लवकर येईल. कारण आपण कुठून कुठे जातो आहोत हे त्याला दिसेल.

जुन्या मराठीशी असलेले नाते कोणाला प्रत्यक्ष पाहायचे असेल तर त्याने आगऱ्यांचे लग्न पाहावे. आमच्या लग्नात धवलारीण असते. ती लग्नातले विधी गाण्यांतून पार पाडते. हळद, मांडव, वराला न्हाऊ घालणे, प्रत्येक विधीला तिचा धवला ठरलेला. पुस्तक नसते, एक बाई दुसरीला शिकवते. आता मराठी साहित्याच्या इतिहासात आपण काय शिकतो? तेराव्या शतकात महानुभाव पंथातील महदंबेने रुक्मिणी-कृष्णाच्या लग्नावर धवळे रचले, आणि ती मराठीतील आद्य कवयित्री मानली जाते. धवळे आणि धवला! ळ च्या जागी ल घातला की शब्द तोच. विधी तोच, गाणारी बाईच. महदंबेचे धवळे आपण परीक्षेसाठी वाचतो, त्यावर टिपा लिहितो. आणि तोच प्रकार चिंचेच्या झाडाखालच्या मांडवात जिवंत ऐकू येतो तेव्हा कर्णा मोठा करून सिनेमाची गाणी लावतो. माझी एक चुलत आजी धवलारीण आहे. तिच्यापाशी शिकायला आता कोणी येत नाही. 'लिहून घे गो,' असे ती मला म्हणते, पण धवला लिहून घेताना अडचण अशी येते की गाताना तिला तो संपूर्ण आठवतो आणि सांगायला लावले की मध्येच तुटतो.

लिहून घेण्याची घाई आहे हेही सांगितले पाहिजे. १९७० साली सिडको स्थापन झाली, आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. १९८४ च्या जानेवारीत याच प्रश्नावरून उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि शेतकरी हुतात्मे झाले. तो इतिहास वाचकांना माहीत आहे. पुढे बंदर आले, रेल्वे आली, २०२५ च्या डिसेंबरात विमानतळावरून वाहतूक सुरू झाली. विमानतळासाठी दहा गावे उठली. मोबदला, भूखंड यांचा हिशेब करणारे पुष्कळ आहेत, तो मी करीत नाही. पण एक गाव उठले म्हणजे एका ओट्यावर संध्याकाळी बसणाऱ्या बायका चार इमारतींच्या चार मजल्यांवर जातात. शेजारी गुजराती, मल्याळी, उत्तरेकडचे. सारी चांगली माणसे. त्यांच्याशी हिंदीत बोलावे लागते. मुले इंग्रजी शाळेत. मग आगरी बोलायची कोणाशी?

शब्द तर वस्तूबरोबरच जातात. भरतीचे पाणी खारजमिनीत शिरू नये म्हणून बांध घालतात आणि आतले पाणी बाहेर सोडायला त्यात दार ठेवतात, त्याला 'उघाडी' म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला 'उधाण' आणि अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीला 'भांग' म्हणतात. ओहोटीला 'सुकती'. चिखलात उड्या मारणारा 'निवटा' आहे, खाडीतला 'जिताडा' आहे. खाडीत भराव पडला, तेव्हा उघाडी गेली. उघाडी गेल्यावर तो शब्द माझ्या धाकट्या भावाला कोणत्या प्रसंगी लागणार? त्याला मी परवा विचारले, भांग म्हणजे काय? तो म्हणाला, केसांतला.

गेल्या दिवाळीपासून मी एक दोनशेपानी वही केली आहे. डाव्या पानावर शब्द, उजव्या पानावर तो कोणी, कुठल्या गावी, काय बोलताना उच्चारला ते. 'आवस', 'बापूस' यांसारखे शब्द सगळीकडे सारखे आहेत, पण पनवेलच्या पूर्वेस डोंगराकडे आणि पश्चिमेस खाडीकडे हेल वेगळा पडतो, असे दोनचार गावे फिरल्यावर ध्यानात येऊ लागले आहे. आपल्या महाविद्यालयात उरण, उलवे, कर्जत, खालापूर येथून मुलेमुली येतात. प्रत्येकाच्या घरी एक तरी आजी आहे. ज्यांना या वहीत भर घालावयाची असेल त्यांनी ग्रंथालयातील खिडकीजवळच्या मेजावर दुपारी बारानंतर भेटावे. शब्द शुद्ध करून आणू नये, जसा ऐकला तसाच आणावा.